नवी गाडी, नवा फोन आणि तरी भरकटणारा बाण: एक प्रकरण अभ्यास

हे प्रकरण माझ्या सख्ख्या मामाच्या गाडीचं, तिच्या स्क्रीनवरच्या मॅपमधला आपली जागा दाखवणारा बाण भरकटायचा. गाडीचं मॉडेल, डॅशकॅमची कंपनी, फिल्म लावणारं दुकान यातलं काहीच सांगत नाही, कारण दोष कुणा एकाचा नव्हताच आणि मधे महिनाभर मीपण चुकीच्याच दिशेला धावत होतो. मी नोकरीत इलेक्ट्रॉनिक बोर्डांचं टेस्टिंग करतो, त्यामुळे घरात कुणाचं काहीही बंद पडलं की फोन मला येतो.

पार्श्वभूमी

मामाने दसऱ्याला नवी एसयूव्ही घेतली. सनरूफ, मोठा टचस्क्रीन, केबल लावली की अँड्रॉइड ऑटो (फोनमधला मॅप गाडीच्या स्क्रीनवर दाखवणारी सोय) चालू, सगळं एकदम झकास. डिलिव्हरी मिळाली त्याच आठवड्यात त्याने तीन गोष्टी करून घेतल्या. पुढच्या काचेवर ऊन अडवणारी पारदर्शक फिल्म, आरशामागे डॅशकॅम, म्हणजे रस्त्याचं शूटिंग करणारा कॅमेरा (त्याची वायर थेट फ्यूजबॉक्समधून, म्हणजे लायटरचं सॉकेट मोकळं राहतं), आणि मामीच्या आग्रहाने डॅशबोर्डच्या बरोब्बर मध्यावर बाप्पा, खाली स्टीलची छोटी चकती आणि डबल टेप.

आता यातली गोम बघा. गाडी जशी कारखान्यातून आली तशी ती कुणी चालवूनच बघितली नाही. पहिल्या दिवसापासून तिच्यावर फिल्म पण आहे, डॅशकॅम पण आहे आणि बाप्पा पण आहे, म्हणजे "आधी चांगलं चालायचं, मग बिघडलं" असं म्हणायला कुणाकडे आधीचं काही नव्हतंच. मामाला वाटलं गाडीच अशी आहे.

अडचण

मॅपवरचा बाण भरकटायचा. पुण्याच्या चांदणी चौकात हे सगळ्यात जास्त जाणवायचं. 2022 च्या ऑक्टोबरात तिथला जुना पूल पाडला आणि त्यानंतर जे रॅम्पांचं जाळं झालंय त्यात दोन रस्ते एकमेकांना इतके चिकटून जातात की दहा-पंधरा मीटरची चूक झाली तरी माणूस मुळशीऐवजी साताऱ्याच्या दिशेला लागतो. मामा दोनदा लागला. एकदा तर मामीची आई गाडीत होती आणि तिला डॉक्टरांकडे न्यायचं होतं, त्या दिवसाबद्दल घरात अजून बोलतात.

सकाळी तर वैताग. सोसायटीच्या बेसमेंटमधून गाडी बाहेर काढली की पहिली पाच-सात मिनिटं बाण कालच्या जागीच किंवा भलत्याच गल्लीत. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेला भाताण बोगद्यातून बाहेर पडलं की अर्धा मिनिट, कधी त्याहून जास्त, बाण गप्प. बोगद्याच्या आत सिग्नल जाणार हे सगळ्यांनाच कळतं हो, पण बाहेर आल्यावर बाकीच्यांच्या फोनला दोन-तीन सेकंदात जागा सापडते आणि आपल्याला सापडत नाही, हे काही बरोबर नाही.

पहिला महिना, म्हणजे जो वाया गेला

आधी मी फोनवरच उपाय सांगितले. लोकेशन हाय अ‍ॅक्युरसीवर ठेव, मॅपचा कॅशे उडव, हवेत आठचा आकडा काढून कंपास कॅलिब्रेट कर. कंपासचा खरं तर इथे काहीच संबंध नव्हता, कंपास फक्त बाणाचं तोंड कुठे ते ठरवतो आणि तेही गाडी थांबलेली असतानाच, पण फोनवर सल्ला देताना माणूस जे आठवेल ते सांगतो. कुणीतरी मामाला सांगितलं की आपलं भारतीय नाविक (जीपीएससारखी आपली स्वतःची उपग्रह यंत्रणा) चालू कर, त्यात अमेरिकेच्या जीपीएसची गरजच नाही. नाविक चालू-बंद करायचं बटण वगैरे नसतं, फोनच्या चिपमध्ये सोय असेल तर ती आपोआप वापरते, आणि मुळात आकाशातून येणारा सिग्नलच अडत असेल तर तो अमेरिकेचा काय आणि आपला काय.

मग सर्व्हिस सेंटर. तिथे स्क्रीनचं सॉफ्टवेअर अपडेट करून दिलं, बाहेर उघड्यावर गाडी उभी करून बघितलं, बाण बरोबर दिसला, ओके म्हणून कागद दिला. त्यांच्या जागी मी असतो तर मीपण कदाचित हेच केलं असतं, गाडी उभी असताना पाच मिनिटांनी बाण बरोबरच दिसतो.

आणि मग मामाने नवा फोन घेतला. तेवीस हजारांचा, दोन फ्रीक्वेन्सीवाला, जीपीएसचे एल-1 आणि एल-5 दोन्ही सिग्नल पकडणारा. निवड मीच करून दिली होती हे इथे कबूल करायला पाहिजे. अँड्रॉइड ऑटोवर फरक? शून्य.

तिढा सुटायला लागला तो टोलवरून

संक्रांतीला मामाकडे जेवायला गेलो होतो. मॅपबद्दल बोलायचं दोघांनीही टाळलं होतं. बोलता बोलता मामी म्हणाली, "आणि तो फास्टॅग, दर वेळी टोलवर पोराला हातातलं मशीन घेऊन यायला लागतं, मागच्या गाड्या हॉर्न मारतात, लाज वाटते." मामा म्हणाला बँकेचा प्रॉब्लेम आहे, तक्रार टाकलीये.

मी विचारलं टॅग काचेवर डायरेक्ट लावलाय का फिल्मवर. फिल्मवर, कारण फिल्म आधी लागली होती.

इथे माझी ट्यूब पेटली. फास्टॅग आपल्याकडे 865 ते 867 मेगाहर्ट्झवर चालतो आणि जीपीएसचा मुख्य सिग्नल 1575.42 मेगाहर्ट्झवर, दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही, बँक वेगळी, उपग्रह वेगळे. पण दोघांच्या वाटेत एकच वस्तू आहे, ती काच. हे हातातलं मशीन जवळ नेलं की टॅग वाचला जातो म्हणजे टॅग जिवंत आहे, फक्त त्याच्यापर्यंत पोचणारी ताकद कमी पडतेय. ऊन अडवणाऱ्या काही फिल्ममध्ये धातूचा अतिशय पातळ थर असतो. डोळ्याला दिसत नाही, उजेड छान येतो, पण रेडिओ लहरींच्या दृष्टीने ती जाळीच.

तोपर्यंत आम्ही एकच प्रश्न विचारत होतो, मॅपमध्ये काय बिघडलंय. गाडीत आणखी काय काय नीट चालत नाही हे आम्ही एकदाही विचारलं नव्हतं.

तळजाईवर मोजमाप

इथे दोन रस्ते होते. एक, सरळ दुकानात जाऊन फिल्म काढायची. मामाचा याला साफ नकार, साडेसात हजार मोजले होते आणि "तुला वाटतंय म्हणून?" हा त्याचा प्रश्न नवीन फोनच्या पार्श्वभूमीवर अगदी रास्त होता. दुसरा, आधी मोजायचं. मोजायचं ठरलं.

जागा मुद्दाम तळजाईच्या टेकडीची निवडली. कर्वे रोडला नळ स्टॉपच्या दुमजली पुलाखाली बाण उडतो तो सगळ्यांचाच उडतो, तिथे सिग्नल काँक्रीटवर आपटून येतो, तिथे गाडीची परीक्षा घेण्यात काही अर्थ नाही. वर मोकळं आकाश पाहिजे, म्हणजे जे काही अडतंय ते गाडीतच अडतंय हे कळतं.

हत्यार काय, तर फोनवर उपग्रहांची यादी दाखवणारं फुकटचं अ‍ॅप. त्यात प्रत्येक उपग्रहापुढे एक आकडा असतो, सी बाय एन-झिरो, डीबी-हर्ट्झमध्ये. सोप्या भाषेत, गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल किती वर आहे. उघड्यावर चाळीसच्या वर असला की मस्त, तिशीच्या खाली गेला की लंगडतो, पंचविशीच्या आसपास जीव धरून असतो. आणि डीबी म्हणजे साधी बेरीज-वजाबाकी नाही, 3 कमी झाले की ताकद निम्मी, 10 कमी झाले की दहावा हिस्सा. मुळात जीपीएसचे उपग्रह 20,200 किलोमीटरवर, जमिनीवर पोचणारी ताकद साधारण उणे 130 डीबीएम, म्हणजे एक वॅटचे एकावर सोळा शून्य इतके भाग केले तर त्यातला एक. एवढ्याशा प्रसादातून दहावा हिस्सा द्या म्हटलं तर हातात काय राहणार.

आकडे असे आले (वरच्या सात-आठ उपग्रहांचे, नजरेने):

गाडीबाहेर हातात फोन, 42 ते 45. आत डॅशबोर्डवर, गाडीतलं सगळं बंद, 27 ते 30. सनरूफ उघडून फोन त्याखाली धरला तर लगेच 41. म्हणजे फोन उत्तम आहे, आकाश उत्तम आहे, मधे काहीतरी आहे. मग डॅशकॅम चालू केला, आणि डॅशबोर्डवरचे आकडे 21 ते 24 वर आले, जागा ठरवायला वापरले जाणारे उपग्रह चौदावरून सहावर. मामा खिडकीतून वाकून बघत होता, तो म्हणाला, "अरे हा तर चोर निघाला!" मीपण दोन मिनिटं तेच समजलो, फिल्म निर्दोष, डॅशकॅम गुन्हेगार, चला घरी.

पण डॅशकॅम बंद असतानाही 27 ते 30 होते ना. तेही चांगलं नाही. इथेच थांबलो असतो तर डॅशकॅम काढून फेकला असता आणि पुढच्या पावसाळ्यात परत तेच रडगाणं. नशिबाने मामाच्या ऑफिसातल्या एकांकडे हेच मॉडेल आहे, फिल्म नाही, डॅशकॅम नाही. त्यांना विनंती करून रविवारी सकाळी गाडी शेजारी आणवली (मिसळीच्या बदल्यात). त्यांच्या डॅशबोर्डवर तोच फोन, 38-39. म्हणजे तिरकी काच आणि वर पत्र्याचं छप्पर यात चार-पाच डीबी जातात ते जाणारच, आणि फिल्म त्यावर आणखी दहा खाते. डॅशकॅम त्यानंतर पाच-सहा.

यातला एकटा कुणीही असता तरी गाडी चालली असती. नुसती फिल्म असती तर बाण थोडा सुस्त, नुसता डॅशकॅम असता तर कळलंही नसतं.

सकाळच्या त्रासाचं कोडं पण इथे सुटलं. रिसीव्हरला जागा ठरवायला प्रत्येक उपग्रहाची कक्षेची माहिती लागते, ती उपग्रह स्वतःच पाठवतो, सेकंदाला फक्त 50 बिट या वेगाने, आणि दर 30 सेकंदांनी ती परत पहिल्यापासून येते. साधारण चार तासांत ती शिळी होते. म्हणजे रात्रभर बेसमेंटमध्ये राहिलेल्या गाडीला सकाळी सगळी ताजी माहिती उतरवून घ्यायची असते, आणि कमजोर सिग्नल एकदा पकडला की धरून ठेवणं जमतं पण त्यातली माहिती बिनचूक वाचणं जमत नाही, मधे एक तुकडा चुकला की तो परत येईपर्यंत थांबा. फोन ही माहिती इंटरनेटवरून आधीच घेतो. या गाडीच्या स्क्रीनला तशी सोय नव्हती.

पण फोन बदलून फरक का पडला नाही?

हे मला सगळ्यात उशिरा कळलं आणि सगळ्यात जास्त लागलं. अँड्रॉइड ऑटो चालू असताना, गाडीला स्वतःचा जीपीएस असेल तर मॅपला जागा गाडीकडून मिळते. फोन कितीही भारी असू दे, केबल लावली की तो गाडीच्या डोळ्याने बघतो. आम्ही घोड्याला चष्मा लावत होतो आणि गाडी दुसराच हाकत होता. केबल काढून नुसत्या फोनवर मॅप लावून चालवलं असतं तर पहिल्याच दिवशी हे दिसलं असतं, कारण तसं केल्यावर बाण बराच सुधारत होता, पूर्ण नाही पण बराच.

मग गाडीचा अँटेना कुठे? मला वाटलं छपरावरच्या शार्कफिनमध्ये, म्हणजे माशाच्या परासारखा जो उंचवटा असतो त्यात. सर्व्हिस सेंटरच्या एका जुन्या मेकॅनिकने सांगितलं की या मॉडेलमध्ये शार्कफिन रेडिओसाठी आहे, जीपीएसचा अँटेना डॅशबोर्डच्या आत, काचेजवळ, मधोमध. मधोमध म्हणजे बरोब्बर बाप्पाखाली. अँटेना जेमतेम चौकोनी बिस्किटाएवढा आणि त्याच्या डोक्यावर स्टीलची चकती.

पर्याय

मामाच्या डायनिंग टेबलवर बसून कागदावर लिहिले. छपरावर वेगळा अँटेना बसवायचा, सगळ्यात खात्रीचा उपाय, पण डॅशबोर्ड उघडून गाडीच्या मूळ वायरिंगला हात लावायचा आणि वॉरंटीच्या नावाने पुढे वाद होणार, म्हणून बाद. अँड्रॉइड ऑटो सोडून फोन स्टँडवर लावायचा, फुकट आणि चालणारा, पण मामाने मोठ्या स्क्रीनचेच पैसे दिले होते त्यामुळे हा पर्याय उच्चारल्या उच्चारल्या मेला. फिल्मला फक्त अँटेनापुरतं आणि टॅगपुरतं भोक पाडायचं, हे मला तेव्हा हुशारीचं वाटलं होतं, पण उपग्रह काही एका ठिकाणी टांगलेले नाहीत, ते सगळीकडून येतात, छोट्या खिडकीतून दोन-चारच दिसतील. आणि पूर्ण फिल्म काढायची.

फिल्मवर आणखी एक मुद्दा होता तो मी जरा उशिरा काढला. 2012 मध्ये सुप्रीम कोर्टाने गाड्यांच्या काचांवरच्या फिल्मवर बंदी आणली, काचेतून पुढे-मागे 70 टक्के आणि बाजूला 50 टक्के उजेड गेला पाहिजे हा नियम मूळ काचेसाठी आहे. पुढे नियमांत बदल झाले, वाद अजून चालतात, पण मामाला इतकंच म्हणालो की पोलिसाने अडवलं तर तू रस्त्यावर उभा राहून त्याला कोर्टाचा निकाल समजावणार आहेस का. मामाला उपग्रहांपेक्षा हे जास्त पटलं.

काय केलं

क्रम स्वस्तापासून महागाकडे ठेवला आणि दर पायरीला मोजलं. गाडीच्या स्क्रीनवर सेटिंगमध्ये खूप आत एक पान सापडलं, त्यात किती उपग्रह वापरात आहेत एवढं दिसायचं, ते आमचं मीटर. सुरुवात पाचवर.

बाप्पा आधी. मामीशी बोलणी मामाने केली, मी बाहेर उभा होतो. डावीकडे वीतभर सरकवायला परवानगी मिळाली, "तोंड आपल्याकडेच राहिलं पाहिजे" या अटीवर. पाचाचे सात झाले.

मग डॅशकॅम. इथे एक छोटी चाचणी केली ती मला स्वतःला आवडली. फ्यूजबॉक्समधून 12 व्होल्टचे 5 व्होल्ट करणारा कन्व्हर्टर असतो, स्वस्तातले कन्व्हर्टर असा गोंगाट करतात म्हणून माझा संशय त्याच्यावर होता. कॅमेऱ्याची वायर तिथून काढून पॉवरबँकला लावली. आकडे जवळपास तेच. म्हणजे कन्व्हर्टर बिचारा निर्दोष, गोंगाट कॅमेऱ्याच्याच पोटातून येतोय आणि वायर त्याला अँटेनासारखी बाहेर पसरवतेय. ही चाचणी केली नसती तर मी नवा कन्व्हर्टर मागवून बसलो असतो. वायरला दोन्ही टोकांना फेराइटचे मणी (वायरमधला रेडिओ गोंगाट शोषणारे) लावले, साधारण 2 डीबी परत मिळाले. आणि वायरचा मार्ग बदलला, कारण दुकानवाल्याने ती डावीकडच्या खांबातून उतरवून काचेच्या खालच्या कडेने, म्हणजे अँटेनाला घासून, उजवीकडे फ्यूजबॉक्सला नेली होती. आता उजव्या खांबातूनच सरळ खाली. हे मात्र मी स्वतः नाही केलं, त्या खांबात पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग असते आणि वायर तिच्या पुढून गेली तर अपघातात भलतंच व्हायचं, ती मागूनच न्यायला लागते. सातशे रुपये देऊन माहितगाराकडून करून घेतलं. सातावरून नऊ.

शेवटी फिल्म, पुढच्या काचेची पूर्ण. आठशे रुपये आणि गोंद घासण्यात अर्धा दिवस. फास्टॅग काढताना फाटला, तो फाटण्यासाठीच बनवलेला असतो, नवा मागवावा लागला.

निकाल

गाडीच्या स्क्रीनवर तेरा ते पंधरा उपग्रह. फोन डॅशबोर्डवर ठेवला तर डॅशकॅम बंद असताना 37 ते 39, चालू असताना 34-35, म्हणजे डॅशकॅम अजून थोडं खातोच पण आता खायला शिल्लक आहे. सकाळी बेसमेंटमधून वर आल्यावर सोसायटीच्या गेटपासून पुढच्या चौकापर्यंत जागा सापडते. भाताणच्या बाहेर दोन-तीन सेकंद. टोलवर नवा टॅग काचेवर डायरेक्ट लावलाय, दांडी गाडी पोचायच्या आत वर जाते. चांदणी चौकात पहिल्यांदा न चुकता गेला तेव्हा मामाने फोन करून सांगितलं, पलीकडून मामी ओरडत होती की गाडी चालवताना फोन ठेव.

गाडीत दुपारी ऊन लागतं आता. यावर अजून तोडगा नाही. धातू नसलेली सिरॅमिक फिल्म मिळते, सिग्नल तिच्यातून जातो, पण कायद्याचा मुद्दा तसाच राहतो, त्यामुळे सध्या पार्किंगला चांदीचा पडदा.

वेगळं काय केलं असतं

पहिल्याच दिवशी केबल काढून बघायला हवं होतं. एक मिनिटाचं काम, आणि तेवीस हजार वाचले असते. माझ्या नोकरीत मी रोज हेच करतो, दोन भाग वेगळे करायचे आणि बिघाड कुठल्या अर्ध्यात आहे ते बघायचं, पण घरच्या माणसाला फोनवर सल्ला देताना ते सुचलं नाही.

दुसरं, गाडीत नवीन काही लावायच्या आधी उघड्यावर एकदा आकडे बघून फोटो काढून ठेवायचा. मग फिल्म, मग परत आकडे, मग डॅशकॅम, मग परत. सगळं एकाच आठवड्यात लावलं की कुणी काय खाल्लं हे शोधायला दुसऱ्याची गाडी आणि मिसळ लागते. फिल्मच्या दुकानात सँपलचा तुकडा असतो, त्यात फोन पूर्ण गुंडाळून आकडे पडतात का हेही पैसे देण्याआधी तिथल्या तिथे कळतं.

फेराइट आणि वायरचा मार्ग एकाच दिवशी केले, मधे स्क्रीनवरचे उपग्रह मोजले नाहीत. त्यामुळे सातावरून नऊ यातलं श्रेय कुणाला किती हे मला सांगता येत नाही. फिल्म आधी काढली असती तर कदाचित वायरला हात लावायची गरजच पडली नसती, पण मामाला साडेसात हजारांची वस्तू खरवडायला तयार करायचं तर आधी बाकी सगळं करून दाखवणं भाग होतं.

नळ स्टॉपला बाण अजून उडतो. मामा अजून फोन करतो.